इन्शुरन्सचं पत्र आलं म्हणून लगेच घर सोडू नका

प्रश्न: ताई, आम्ही न्यूयॉर्कला क्वीन्समधे भाड्याने राहतो. दोन वर्षांपूर्वी रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा विमा, घेतला आणि दोनदा क्लेम केला, एकदा वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून लॅपटॉप आणि सोफा गेला आणि एकदा सायकल चोरीला गेली. आता कंपनी म्हणते पॉलिसी रिन्यू करणार नाही. लीजमधे एक लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर (म्हणजे आमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) लागेल असं लिहिलंय आणि घरमालक म्हणतो इन्शुरन्स नसेल तर महिनाअखेर घर रिकामं करा. तो आम्हाला काढू शकतो का? घरात लहान बाळ आहे हो.

उत्तर: नाही, तो नुसतं सांगून तुम्हाला काढू शकत नाही. न्यूयॉर्कमधे त्यासाठी कोर्टाची ऑर्डर लागते आणि बाहेर काढायचं झालं तर मार्शल किंवा शेरीफ, म्हणजे कोर्टाची ऑर्डर बजावणारा अधिकारीच येतो. घरमालकाने स्वतःच कुलूप बदललं, वीज-पाणी तोडलं तर तो गुन्हा आहे, तसं झालं तर सरळ पोलिसांना बोलवा. पण लीजमधली अट खरी आहे, ती मोडली तर तो कोर्टात जाऊ शकतो, म्हणून कव्हरमधे एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

आता ते पत्र पुन्हा नीट वाचा, आणि पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा कारण त्यावर पोस्टात टाकल्याची तारीख असते. न्यूयॉर्कमधे रिन्यू न करण्याची नोटीस पॉलिसी संपायच्या 45 ते 60 दिवस आधी पाठवावी लागते आणि त्यात नेमकं कारण लिहावं लागतं, नोटीस उशिरा आली असेल तर कव्हर आणखी काही काळ चालू ठेवावं लागतं. शिवाय इथे अशी पॉलिसी साधारण तीन वर्षांच्या टप्प्याने धरतात, मधेच बंद करायला हप्ता थकणं, फसवणूक अशी ठराविक कारणं लागतात, आणि तुमची तर दोनच वर्षं झालीत! त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर आधी कंपनीला लेखी विचारलं असतं की कुठल्या नियमाने बंद करताय, आणि उत्तर पटलं नाही तर राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेसकडे, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे, ऑनलाइन तक्रार टाकली असती, त्याला पैसे लागत नाहीत.

पण तक्रारीच्या भरवशावर बसू नका, नवीन पॉलिसी आजपासूनच शोधा. तुमचे क्लेम सात वर्षांपर्यंत क्लू रिपोर्टमधे, म्हणजे विमा कंपन्या बघतात त्या जुन्या क्लेमच्या नोंदीत, दिसतात, तो वर्षातून एकदा लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडून फुकट मागवता येतो, त्यात चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. कुठलीच कंपनी पॉलिसी देत नसेल तर अशांसाठीच असलेल्या न्यूयॉर्क प्रॉपर्टी इन्शुरन्स अंडररायटिंग असोसिएशनकडे आग वगैरेंसाठी सामानाचं कव्हर मिळतं, पण त्यात लायबिलिटी नसते, म्हणजे तुमची लीजची अट त्याने भागणार नाही, ते वेगळं बघावं लागेल.

आणि एक, तुमचं घर तळमजल्यावर किंवा बेसमेंटमधे असेल तर हे मी जीव तोडून सांगते. सप्टेंबर 2021 मधे आयडा वादळाच्या पावसात क्वीन्सच्या बेसमेंटमधे माणसं बुडून गेली. पुराचं नुकसान साध्या रेंटर्स पॉलिसीत येत नाही, सरकारी फ्लड इन्शुरन्समधे भाडेकरूला सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत कव्हर घेता येतं (बेसमेंटमधल्या सामानाला मात्र त्यात फारच मर्यादित कव्हर असतं), पण ते सहसा 30 दिवसांनी लागू होतं, तेव्हा पावसाचा अंदाज येईपर्यंत थांबू नका.

नवीन पॉलिसी जुनी संपते त्याच दिवसापासून सुरू करा आणि तिचं पहिलं पान, ज्यावर कव्हरची रक्कम आणि तारखा असतात, ते घरमालकाला ईमेलनेच पाठवा, नुसतं तोंडी सांगून सोडू नका.