सासूबाईंचा गृहआधार सोडून दयानंद योजना घ्यावी का? आयुष्मान कार्ड काढलं तर पैसे बंद होतात का?

तुमच्या सासूबाई 72 वर्षांच्या, गोव्यात साखळीला राहतात, सासरे हयात आहेत, गृहआधारचे, म्हणजे गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या मदतीचे, महिन्याला 1500 खात्यात येतात, आणि शेजारी म्हणतात की आयुष्मान कार्ड काढलंत तर तेही जातील. तुमच्या प्रश्नातला हा शेवटचा भाग आधी घेतो, कारण घाबरवणारा तोच आहे. आयुष्मानमुळे गृहआधारचे पैसे बंद होत नाहीत. ते उपचारांचं कार्ड आहे, त्यातून हातात रोख काही मिळत नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. सासरेही सत्तरीच्या पुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. वय आधारवरचं धरतात. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आडनावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. जन्मतारीखही जुळत नसेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, ऐन इस्पितळात भरती करताना नको. घरी दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड असेल तर तेही राहू द्या, नूतनीकरण चुकवू नका. खासगी इस्पितळात जायचं असेल तर तिथे कुठलं कार्ड चालतं ते आधी फोनवर विचारा.

आता रोख पैशांचं. इथे मात्र एकच घेता येतं. गृहआधार महिला आणि बाल विकास खात्याचा, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना समाजकल्याण खात्याची, पण एकाच बाईला दोन्ही मिळत नाहीत. दयानंदमध्ये ज्येष्ठांना महिन्याला 2000. फरक 500 चा, म्हणजे वर्षाला 6000. साठ पूर्ण झाल्यावरच बदलायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण उत्पन्नाची अट बघितल्याशिवाय तसं म्हणण्यात अर्थ नाही. गृहआधारला तीन लाखांपर्यंतचं वार्षिक उत्पन्न चालतं. दयानंदला ते माणशी मदतीच्या वार्षिक रकमेपेक्षा कमी लागतं, म्हणजे 24,000 च्या आत. सासऱ्यांना पेन्शन असेल, किंवा पुढची खोली भाड्याने दिली असेल, तर मामलेदाराच्या दाखल्यावर येणारा आकडा कुठे जाईल ते तुम्हीच बघा. वर गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्य हवं, त्याचाही दाखला. तो तुमच्याकडे अडायचा नाही.

म्हणून माझं सांगणं: गृहआधार आधी सोडू नका. डिचोलीला मामलेदार कार्यालयात उत्पन्नाचा दाखला काढा. आकडा बसत असेल तरच समाजकल्याण खात्यात जा, गृहआधार चालू आहे हे स्वतःहून सांगा आणि बदल कसा करायचा ते विचारा. लपवून दुसरा अर्ज भरायची आयडिया कुणी देईल, त्याच्या नादी लागू नका. आधार क्रमांक दोन्हीकडे तोच असतो, पुढे वसुली लागली तर म्हाताऱ्या माणसाला ताप. आकडा बसत नसेल तर 1500 वर राहा, त्यात कमीपणा काही नाही. (दोन हजारही आता कितीसे पुरतात? सरकार सुधारणेच्या गोष्टी करतं, ज्येष्ठांचा आकडा कैक वर्षं तिथल्या तिथेच आहे. बाजारात बांगडा मासळीचा दर तसा थांबत नाही.)

मिळायला लागल्यावर घोळ होतो तो हयातीच्या दाखल्याचा. सासऱ्यांनी पेन्शनसाठी बँकेत दाखला दिला म्हणजे सासूबाईंचा योजनेसाठी झाला, असं नाही. दोन माणसं, दोन खाती, दोन दाखले. दिल्याची पोच घ्या आणि पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे पैसे थांबले की दाखवायला काहीतरी असतं. ठसे उमटत नसतील, आणि शेतात हात झिजलेल्या बायकांचे बऱ्याचदा उमटत नाहीत, तर पेन्शनच्या जीवन प्रमाणला (हयातीचा डिजिटल दाखला) मोबाईलवर चेहरा दाखवून चालतं. योजनेच्या दाखल्याला काय चालतं ते खात्यातच विचारून घ्या.

सासऱ्यांच्या नावावर आत्ता काय काय चालू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर त्यांच्याबद्दलही सांगता येईल.