चित्रकला न शिकता एकट्याने विज्ञानकथेचं वेबकॉमिक काढता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चित्रकलेचं शिक्षण नाही, शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटनंतर कागदाला हात लावलेला नाही, पण डोक्यात पाच ग्रहांवर घडणारी मोठी विज्ञानकथा आहे. ती एकट्याने कॉमिक म्हणून इंटरनेटवर आणता येईल का, आणि आधी दोन-तीन वर्षं चित्रं शिकावीत की थेट सुरुवात करावी?

थेट सुरुवात करा. फक्त पाच ग्रह बाजूला ठेवा आणि एक खोली निवडा.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लेखा विभागात आहे. चित्रं कुणाकडे शिकलो नाही. २०१९ मध्ये स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट (त्यावर पेनाने रेघ ओढली की ती संगणकावर उमटते) घेतला, क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर उतरवलं आणि दोनशे पानांची कथा काढायला बसलो. अकरा पानांवर थांबलो. हात कच्चा होता हे खरं, पण थांबण्याचं कारण वेगळं होतं. माझं यान म्हणजे एक गुळगुळीत गोळी आणि तिला चार खिडक्या. आत निळे दिवे, भिंतीवर बटणं. ती बटणं कशाची, हे मलाच माहीत नव्हतं, त्यामुळे तीच खोली दुसऱ्या कोनातून काढायची वेळ आली की माझ्याकडे काढायला काहीच नसायचं.

उत्तर मला कारखान्यातच मिळालं. गळीत हंगाम संपला की ऑफ सिझनमध्ये सगळी यंत्रं उघडतात. एरवी वाफेने आणि आवाजाने भरलेल्या जागा शांत होतात. पाइप, फ्लँज, जिने, जाळीचे प्लॅटफॉर्म, रंग उडालेले गेज सगळं डोळ्यांसमोर मोकळं पडलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन तिथे बसायला लागलो. एकदा माझ्या मनातलं एक यंत्र काढून तिथल्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा व्हॉल फिरवायचा कुणी ओ? हितं हात जातोय व्हय?"

त्या एका प्रश्नाने माझं काम बदललं. तेव्हापासून कुठलंही यंत्र काढताना मी दोन गोष्टी ठरवतो: हे उघडायचं कुठून, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस उभा कुठे राहणार. मग शिडी येते, कठडा येतो, हाताने घासून चमकलेली मूठ येते, कुणीतरी खडूने लिहिलेली तारीख येते. वाचकाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण त्या जागेत माणसं राहतात हे त्याला पटतं. तुमच्या गावात साखर कारखाना नसेल. एस.टी.ची कार्यशाळा असेल, सूतगिरणी असेल, पाणीपुरवठ्याचं पंपहाउस असेल, दवाखान्यातली एक्स-रेची खोली असेल. परवानगी काढून तिथे बसा आणि समोर आहे तेच काढा. माझ्या मते विज्ञानकथेचं चित्र शिकण्याची याहून चांगली शाळा नाही.

तिथलं विज्ञानही कथेत येतं. साखर बनवताना रस व्हॅक्यूम पॅनमध्ये उकळतात. दाब कमी केला की रस ७० अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर करपत नाही. हे मी रोज ऐकत होतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना आम्ही सगळ्यांनी कँटीनमध्ये पाहिलं, आणि त्या रात्री मनात आलं: चंद्रावर तर दाब जवळजवळ शून्य. तिथलं बर्फ ऊन लागलं तर वितळणारच नाही, सरळ वाफ होऊन जाईल. मग ते खणायचं कसं, धरून ठेवायचं कसं? माझी आत्ताची कथा तिथून आली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची बर्फाची खाण, एकच पाळी, चार माणसं. २४ पानं. ही मी पूर्ण केली.

चंद्र काढताना कळलं की भौतिकशास्त्र नीट समजून घेतलं तर चित्राचे निम्मे निर्णय तेच घेतं. ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगत फिरतो, म्हणून सावल्या फार लांब. काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, तिथलं तापमान उणे २०० अंशांच्याही खाली जातं. हवा नसल्याने आकाश भर उन्हात काळं. म्हणजे पानाचा मोठा भाग भरीव काळा राहतो आणि उजेडाची कड तेवढी काढायची. शिकाऊ हाताला हे झेपतं, आणि दिसतंही प्रभावी.

पण याच हवेच्या अभावाने मला एका ठिकाणी पार अडवलं. पन्हाळ्यावरून पाहिलं तर जवळचा डोंगर हिरवा दिसतो, त्यामागचा निळसर, त्याच्याही मागचा धुरकट. लांबचं फिकट काढायचं हे आपण नकळत शिकलेलो असतो. चंद्रावर दहा किलोमीटरवरचा डोंगरही समोरच्या दगडाइतकाच स्पष्ट दिसतो. अपोलोच्या अंतराळवीरांचेही तिथे अंतराचे अंदाज चुकत होते. मग चित्रात खोली आणायची कशी? मी ओळखीच्या मापाच्या वस्तू वापरल्या: चाकांच्या खुणा लांब जाताना बारीक होतात, एकसारखे खांब लहान होत जातात, एका कोपऱ्यात माणूस. या एका पानावर मी तीन रविवार घालवले आणि पुस्तकातून कळला नव्हता तो पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे अंतराप्रमाणे वस्तू लहान दाखवण्याची रीत, मला तिथे कळला.

दुसरी अडचण चेहऱ्यांची. सगळे सूटमध्ये, हेल्मेटच्या काचेवर उजेड, कोण बोलतंय ते कळेना. नासालाही हीच अडचण आली होती. सुरुवातीच्या मोहिमांच्या फोटोंत दोघांपैकी कोण कोण ते ओळखता येईना, म्हणून कमांडरच्या सूटवर लाल पट्टे देण्याचं ठरलं आणि १९७१ मध्ये अपोलो १४ च्या वेळी ते चंद्रावर दिसले. मी एकीच्या दंडावर पिवळा पट्टा दिला, एकाच्या गुडघ्यावर ठिगळ, आणि एकाची चालच वाकडी ठेवली. पात्रं आधी अशी वेगळी करून घ्या. काळ्या सावलीतूनसुद्धा ओळखू आली पाहिजेत.

संवादांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीत कॉमिक काढणाऱ्याला इथे मदत फार कमी मिळते. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुतेक सगळं कॅपिटल अक्षरांत लिहितात, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळींमध्ये जास्त जागा सोडावीच लागते. शिवाय आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. 'खाणकामगारांबरोबरच्या' हा शब्द संवादाच्या एका फुग्यात बसवून पाहा. तो मध्ये तोडला तर शिरोरेखा तुटते आणि वाचणारा अडखळतो. म्हणून पान आखताना मी आधी संवाद टाइप करून ठेवतो, फुगे काढतो आणि उरलेल्या जागेत चित्र बसवतो. पहिल्या प्रयत्नात उलटं केलं होतं. सुंदर काढलेले बॉयलर मला स्वतःच फुग्यांखाली झाकावे लागले. आणखी एक: वाक्यच बदला. लेखी मराठी सोडून बोलीत लिहिलं की ते आपोआप आखूड होतं.

अक्षरं मी इंकस्केप या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावतो. तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. काही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ती फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते, त्यामुळे आधी 'क्षितिज', 'विद्युत', 'दुरुस्ती' असे शब्द टाइप करून तपासा. फाँटमध्ये मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'बलू' आणि 'मुक्त', किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा हस्ताक्षरासारखा 'कलम' पाहा. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, छापायलाही अडचण नाही. ओरडण्यासाठी जाड ठसा वापरलात तर अक्षरांची पोटं बुजतात. त्यापेक्षा आकार वाढवा.

आणि नादशब्द! या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे. सुळ्ळकन, खळ्ळकन, भस्सकन, धप्प, घरघर, चर्र. ते हातानेच काढा, फाँट नको. फक्त निर्वात जागेत आवाज जात नाही हे लक्षात ठेवा. माझ्या कथेत बाहेर, उघड्या चंद्रावर घडणाऱ्या चौकटींत एकही नादशब्द नाही. दार बंद होऊन हवा भरली की एकदम पान नादांनी भरतं. एका वाचक बाईंनी लिहिलं की दार बंद झालं तेव्हा त्यांना खरंच ऐकू आल्यासारखं वाटलं. ती ओळ मी जपून ठेवली आहे. तसंच पृथ्वीशी बोलताना संदेश जायला सुमारे १.३ सेकंद आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणून पृथ्वीवरच्या प्रत्येक उत्तराआधी मी एक मुकी चौकट ठेवली. भांडणाच्या प्रसंगात त्या मुक्या चौकटींनी संवादांपेक्षा जास्त काम केलं.

वेळेचं गणित स्पष्ट सांगतो. एक पान मला नऊ-दहा तास घेतं. नोकरी सांभाळून पंधरा दिवसांत एक पान होतं, म्हणजे २४ पानांना साधारण वर्ष. तुमची पाच ग्रहांची कथा याच वेगाने किती वर्षं घेईल ते कागदावर मांडा. मोठी कथा काढणारे आहेत. अमेरिकेत हॉवर्ड टेलर यांनी श्लॉक मर्सिनरी हे अंतराळातलं वेबकॉमिक जून २००० ते जुलै २०२० रोज एक याप्रमाणे चालवलं. सुरुवात नोकरी करतच केली होती, आणि पहिल्या वर्षाची चित्रं शेवटच्या वर्षाच्या चित्रांशेजारी ठेवली तर एकाच माणसाची वाटत नाहीत. पण तुम्हाला पहिल्यांदा 'समाप्त' लिहिण्याचा अनुभव लवकर मिळायला हवा. आणि सहा पानं तयार असल्याशिवाय पहिलं टाकू नका. घरात लग्न निघतं, मार्चअखेर येते, आजारपण येतं. तेव्हा ती सहा पानं तारून नेतात.

बाकी तांत्रिक थोडक्यात. वाचणारे बहुतेक फोनवर वाचतात. उभं सरकवत वाचायच्या कॉमिकसाठी ८०० पिक्सेल रुंदी पुष्कळ ठिकाणी चालते. मी मात्र ए४ आकारात ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) काढतो आणि प्रत्येक पान दोन आडव्या भागांत आखतो, म्हणजे फोनसाठी ते भाग एकाखाली एक लावता येतात आणि छापतानाही पान तसंच राहतं. टाकण्याआधी चालत्या एस.टी.त बसून वाचून पाहा. यंत्राचे अवघड कोन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे रचून पाहून घेतो आणि त्यावरून हाताने रेषा काढतो. खर्च म्हणाल तर टॅबलेटचे साडेचार हजार, बाकी सगळं मोफत. पैसे अजून मिळालेले नाहीत. गेल्या दिवाळीत शंभर प्रती छापल्या, सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध घडीवर पिना मारलेल्या. त्यात पानं चारच्या पटीत लागतात, २४ म्हणूनच सोयीची.

आता तुमच्या कथेकडे. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या ग्रहावर एक म्हातारी एकटीच जुनं संदेशकेंद्र चालवते आणि ते बंद झाल्याचं तिला कुणी कळवलेलं नाही. ती खोली काढा. ती झोपते कुठे, चहा कशावर करते, अँटेना अडकली तर कुठून चढते? बारा पानं पुरतील. पहिलं पान कच्चं झालं तरी इथे टाका, मी ते नीट पाहून फुगे आणि अक्षरांबद्दल काय वाटतं ते लिहीन.