सिव्हिलायझेशन 6: शंभराव्या टर्नला तीनच शहरं का?

सिव्हिलायझेशन 6 या कॉम्प्युटर गेममध्ये आपण मागे का पडलो, असं तुम्ही विचारलंत. तुमचा डाव थोडक्यात असा दिसतोय: किंग लेव्हल (अवघडपणाची पातळी), स्टँडर्ड स्पीड, गॅदरिंग स्टॉर्म हे एक्स्पान्शन. शंभराव्या टर्नला स्टोनहेंज आणि पिरॅमिड्स ही दोन वंडर (भव्य वास्तू) दिमाखात उभी, पण शहरं तीनच. बार्बेरियननी (लुटारू टोळ्यांनी) शेतं उद्ध्वस्त केली आणि शेजारी विज्ञानात कुठल्या कुठे निघून गेला.

उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. स्टोनहेंजला 180 उत्पादन लागतं, पिरॅमिड्सना 220. एकूण 400. पहिला सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) 80 ला पडतो आणि पुढचा प्रत्येक 30 ने महाग. तुमचे दोन झालेच होते, म्हणजे पुढचे दोन 140 आणि 170. उरले 90, त्यात एक बिल्डर (शेतं-खाणी करणारा) आणि एक वॉरियर (लढवय्या). पाच शहरं, वर राखणीला माणूस! वंडर पूर्ण झाल्यावरचं ते अ‍ॅनिमेशन मलाही आवडतं, पण सुरुवातीला राजधानीचं उत्पादन जेमतेम पाच-सहा असतं. त्यात एका वंडरला तीस टर्न घालवणं किंग लेव्हललाही परवडत नाही. पहिल्या साठ टर्नमध्ये काहीही बांधायला घेताना मनात एकच हिशोब करा: एवढ्यात सेटलर किती झाला असता?

लोकसंख्या 2 झाल्याशिवाय सेटलर बनत नाही आणि बनला की एक माणूस घेऊन जातो. तोवरच्या वेळात आधी स्काऊट (टेहळ्या), मग स्लिंगर (गोफणवाला) काढा. शहर वाढलं की लगेच सेटलर. अर्ली एम्पायर हे सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारा टप्पा) लवकर गाठा. एकूण लोकसंख्या 6 झाली की त्याचं इन्स्पिरेशन (ते लवकर पूर्ण करणारी सवलत) मिळतं. अर्ली एम्पायरमधून कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड येतं आणि सेटलरचं उत्पादन 50 टक्क्यांनी वाढतं. हे कार्ड लावून निदान दोन-तीन सेटलर काढा, मगच बदला. कार्ड लावायचं आणि राजधानीत ग्रॅनरी (धान्यकोठार) बांधत बसायचं, असं बरेच जण करतात.

आता बार्बेरियन. खरी गडबड त्यांच्या स्काऊटपासून सुरू होते. तो तुमच्या शहराजवळ येतो, डोक्यावर उद्गारचिन्ह दिसतं, आणि तो छावणीकडे पळत सुटतो. तिथे पोहोचला की धाड आलीच. छावणी घोड्यांजवळ असेल तर घोडेस्वारच येतात, आणि तेव्हा एकटा वॉरियर काही कामाचा नाही. म्हणून सुरुवातीचा वॉरियर लांब फिरायला पाठवू नका. स्काऊट कुठून आला ते बघा आणि त्याची परतीची वाट अडवा. वॉरियरने घाव घालायचा आणि शेवटचा दगड स्लिंगरने मारायचा. स्लिंगरच्या हातून एक युनिट मेलं की आर्चरी या तंत्राचं युरेका (संशोधनातली सवलत) मिळतं. मग थोडं सोनं खर्चून त्याच स्लिंगरचा आर्चर (तिरंदाज) करा. पल्ला एका टाइलवरून (नकाशावरच्या घरावरून) दोन टाइलवर जातो, आणि असे दोन आर्चर असले की छावणी साफ करायला अडचण येत नाही.

शहराच्या जागेबद्दल. गोड्या पाण्याशेजारी 5 हाउसिंग (लोकसंख्या वाढायला जागा) मिळतं, नुसत्या समुद्रकाठी 3, दोन्ही नसेल तर 2. तेव्हा नदी सोडू नका. राजधानी शक्यतो प्लेन्सवरच्या (मैदानी जमिनीवरच्या) टेकडीवर वसवा, मधल्या टाइलला एक उत्पादन जास्त मिळतं. एखाद-दुसरा टर्न चालून जावं लागलं तरी चालेल, त्याहून जास्त नको. दुसरं-तिसरं शहर शेजाऱ्याच्या दिशेने टाका आणि मागची जागा नंतर भरा. मात्र लॉयल्टीकडे (शहराच्या निष्ठेकडे) लक्ष हवं. नऊ टाइलच्या आतल्या शहरांचा दाब पडतो, त्यामुळे त्याच्या राजधानीच्या उंबऱ्यात शहर टाकलंत तर ते बंड करून हातचं जाईल. स्वतःची शहरं मात्र खुशाल दाटीने वसवा, मध्ये तीन टाइल सुटल्या की पुरे.

विज्ञानात मागे पडण्याचं मूळही शहरांच्या संख्येतच आहे: तीन शहरं म्हणजे तीनच कॅम्पस (विज्ञान देणारा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा खास विभाग). त्यात एक युक्ती आहे. डिस्ट्रिक्टची किंमत तुमचं संशोधन वाढेल तशी चढत जाते, पण एकदा जागा ठरवून ठेवलीत की ती तिथेच गोठते. म्हणून नवं शहर वसलं की डोंगराच्या कुशीतली टाइल पकडून कॅम्पसची खूण करून टाका. काम लगेच सुरू केलंच पाहिजे असं नाही, आधी मॉन्युमेंट होऊ द्या.

आणि जास्तीची लक्झरी (चैनीच्या वस्तू), डिप्लोमॅटिक फेवर (राजनैतिक वजनाचे गुण) साठवून काय करणार? शेजाऱ्यांना विका. एआय (कॉम्प्युटर चालवतो तो शेजारी) फेवरला बरं सोनं देतो. त्यातून बिल्डर विकत घ्या म्हणजे राजधानी सेटलरसाठी मोकळी राहील.

पुढच्या डावात साठाव्या टर्नला नकाशाचा स्क्रीनशॉट टाका. शहरं चारपेक्षा कमी असली तर कुठली जागा सुटली ते बघू.