वाचकांचे प्रश्न : रेकॉर्डिंगमधला तो आवाज कुणाचा?

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या खोलीत रात्री मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. एका जागी ‘दार लाव’ असं ऐकू येतं. घरातल्या चौघांनाही तेच ऐकू आलं. हे खरं की भास, ते कसं ठरवायचं?

आधी एक आठवून पाहा. बाकी तिघांना ऐकवताना ‘इथे बाबा दार लाव म्हणतायत’ असं कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ती चार मतं नाहीत, एकच आहे. 1981 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी बोललेल्या वाक्यातून फक्त तीन शिट्टीसारखे स्वर उरतील असे आवाज तयार केले. काहीच न सांगता ऐकवल्यावर बहुतेकांना त्या शिट्ट्या किंवा यंत्राचे आवाज वाटले. हे बोलणं आहे असं सांगितल्यावर मात्र पुष्कळांना त्यात शब्द लागले. एकदा शब्द कानात बसला की तो पुसता येत नाही. म्हणून तुम्ही चौघं आता या चाचणीत परीक्षक होऊ शकत नाही. यात तुमची काही चूक नाही, कान असेच चालतात.

चाचणी अशी करा. मूळ फाईल केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत नको, तिथे ती पुन्हा दाबली (कॉम्प्रेस केली) जाऊ शकते. ‘त्या’ जागेचा 3 सेकंदांचा तुकडा कापा. त्याच रेकॉर्डिंगमधून काहीच ऐकू न आलेले 4 तुकडे घ्या आणि त्याच मोबाईलवर दुसऱ्या एखाद्या बंद खोलीत केलेल्या रेकॉर्डिंगमधून आणखी 4. आवाज वाढवायचा तर नऊही तुकड्यांचा सारखाच वाढवा. फायलींना क्रमांक दुसऱ्या कुणाकडून तरी द्यायला लावा, म्हणजे ऐकवणाऱ्यालाही ‘तो’ तुकडा कोणता ते कळणार नाही. मग घराबाहेरच्या निदान दहा जणांना एकेकटं बसवून, हेडफोनवर, प्रत्येक तुकडा तीनदाच ऐकवा. विचारायचं एवढंच : ‘काय ऐकू आलं ते लिहा, काही नसेल तर काही नाही असं लिहा.’ भूत, वडील, आवाज यातला एकही शब्द काढू नका.

दहांपैकी सात-आठ जणांनी आपापलं ‘दार लाव’ लिहिलं, तर तिथे खरोखर माणसाचं बोलणं आहे. एकाला ‘पाच वाजले’, दुसऱ्याला ‘काय रे’, तिसऱ्याला काहीच नाही, आणि रिकाम्या तुकड्यांतही कुणाला शब्द सापडले, तर ती खरखर आहे.

सोबत ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा स्पेक्ट्रोग्राम करून, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं वेळेनुसार चित्र काढून, पाहा. त्याच्या सेटिंगमधली ‘विंडो’ 256 ठेवा. ‘दार लाव’मध्ये ‘आ’ दोनदा येतो. पुरुषाच्या ‘आ’चे दोन जाड पट्टे साधारण 700 आणि 1200 हर्ट्झच्या आसपास दिसायला हवेत, आणि ‘द’च्या आधी क्षणभर पोकळी. विंडो 2048 केली की सारख्या अंतरावरच्या आडव्या रेघा दिसतात, त्या स्वरयंत्राच्या. (कुजबुजीत या रेघा नसतात.) 50, 100, 150 हर्ट्झवर अखंड चालणाऱ्या रेघा विजेच्या गुणगुणीच्या, त्या सोडून द्या. नॉइज रिडक्शन (खरखर कमी करण्याची सोय) मात्र लावू नका. त्याने खरखरीतून सुट्या शिट्ट्यांचे तुकडे उरतात आणि तेच बोलण्यासारखे भासतात. भूतबाधेचे म्हणून फिरणारे बरेच ‘आवाज’ असेच साफ करता करता तयार झालेले असतात.

आणि बोलणं ठरलं, तरी कुणाचं ते ठरत नाही. खोली शांत झाली की मोबाईल आपोआप माइकची पातळी चढवतो. मग गल्लीतून जाणाऱ्याचं किंवा शेजारच्या टीव्हीतलं वाक्यही खोलीतच कुणी पुटपुटल्यासारखं येतं.

प्रश्न : नव्याने रेकॉर्डिंग करायचं तर काय काळजी घ्यावी?

दोन रेकॉर्डर, एकमेकांपासून 3 मीटरवर. वेव्ह (न दाबलेली) फाईल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. आपोआप पातळी बदलण्याची आणि आवाज आला की सुरू होण्याची, अशा दोन्ही सोयी बंद. दुसरीमुळे पहिलं अक्षर तुटतं आणि तुटलेला शब्द कशासारखाही लागतो. मोबाईल विमान मोडवर, पंखा आणि इन्व्हर्टर बंद. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही रेकॉर्डरपासून सारख्या अंतरावर उभं राहून टाळी वाजवा. शेवटची टाळी विसरू नका : दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात, ते तिच्यावरूनच जुळवता येतं. खोलीत कुणी खुर्ची सरकवली, खोकलं, पोट गुडगुडलं तर लगेच मोठ्याने सांगायचं. कुजबुजायचं नाही, तासाभराने आपलीच कुजबुज आपल्याला ओळखू येत नाही.

आवाज एकाच रेकॉर्डरमध्ये असेल, तर तो बहुधा हाताळणीचा, कपड्याच्या घासण्याचा किंवा त्या यंत्रातला. दोन्हींत असेल तर कोणत्यात आधी पोचला ते मोजा. आवाजाला 1 मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तो खिडकीच्या बाजूने आला की दाराच्या, हे कळतं.

प्रश्न : राउडिव्ह यांनी हजारो आवाज टेपवर पकडले होते ना?

पकडले होते, निष्ठेने. 1959 मध्ये स्वीडनच्या फ्रीडरिश युर्गेन्सन यांना पक्ष्यांच्या टेपमध्ये माणसांचे आवाज लागले. पुढे लॅटव्हियाच्या कॉन्स्टॅन्टिन राउडिव्ह यांनी ते काम वाढवलं आणि 1968 मध्ये जर्मनीत त्यावर पुस्तक काढलं. पण त्यांच्या आवाजांची वाक्यं पाहा : चार-पाच शब्दांत दोन-तीन भाषा मिसळलेल्या. राउडिव्ह स्वतः बहुभाषक होते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जितक्या भाषा, तितक्या खरखरीत सापडतात, असं आम्हाला यातून दिसतं. शिवाय त्यांच्या एका पद्धतीत रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवायचा असे, म्हणजे परक्या स्टेशनाची वाक्यं आत यायला वाट मोकळीच. 2001 मध्ये कॅनडातल्या इमान्ट्स बरूश यांनी रेडिओ लावून अशी रेकॉर्डिंगं करून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. मृतांचे म्हणता येतील असे आवाज मिळाले नाहीत.

प्रश्न : एक गृहस्थ ‘स्पिरिट बॉक्स’ घेऊन घर तपासायला पैसे मागतात. बोलवावं का?

नको. तो रेडिओच असतो, स्टेशनं भराभर बदलत जाणारा. त्यातून निवेदकांची, गाण्यांची तुटकी अक्षरं बाहेर पडतात. बोलावलंच असेल तर प्रश्न त्या गृहस्थांना न कळू देता चिठ्ठीवर लिहा, बॉक्समधून आलेलं उत्तर प्रश्न माहीत नसलेल्या माणसाला वेगळ्या खोलीत बसून टिपायला लावा, आणि मग दोन्ही कागद जुळवा. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.