डिसेंबरात लग्न आहे. ‘सेव्ह द डेट’ कार्ड, म्हणजे पत्रिकेआधी नुसती तारीख कळवणारं कार्ड, कधी पाठवावं? छापावं की व्हॉट्सॲपवर चालेल?

गावोगावचे पाहुणे येणार असतील तर मुहूर्ताच्या किमान 3 महिने आधी पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर खुशाल पाठवा. छपाईचा खर्च खऱ्या पत्रिकेसाठी ठेवा. 3 महिने अशासाठी की 1 नोव्हेंबर 2024पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, आणि डिसेंबरात सुट्ट्यांची गर्दी असते. खिडकी उघडेल त्या सकाळी तारीख पाहुण्यांच्या हातात हवी. परदेशातल्यांना तर 6 महिने आधीच कळवा, त्यांना रजा आणि विमान दोन्ही जमवायचं असतं.

मी पत्रिकांची डिझाइनं करते, त्यावरून सांगते: कार्डावर दोघांची नावं, तारीख, वार आणि गाव, एवढंच पुरे. मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता, आप्तांची नावं पत्रिकेत येऊ द्या. आकार 1080 × 1920 पिक्सेल ठेवा, म्हणजे उभ्या मोबाइलवर पडदाभर दिसतं. मराठी मजकूर मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. काही ॲपमध्ये रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, ‘चि.’चं ‘चि’ सुटून ‘च’पुढे वेलांटी आली की सगळं कार्ड बिघडतं. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलीत तर अक्षरं धूसर होत नाहीत.

फक्त कार्यालयाचा विसार दिल्याशिवाय पाठवू नका. आणि हे म्हणजे आमंत्रण नव्हे. मोठ्यांकडे अक्षत आणि पत्रिका घेऊन जावंच लागतं.