आईच्या हाकेला थांबला पाहिजे

कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रॉटवायलरचं पिल्लू ठरवलंस, आगाऊ पैसे दिलेस, आणि आता विचारतोस, "काका, काय काय घ्यावं लागेल?" ते दुकानदार सांगेल. मी वेगळंच विचारतो. तू कामावर गेलास की घरी कोण? आई आणि आजी. म्हणजे कुत्रा तुझ्या नव्हे, त्यांच्या हाकेला थांबला पाहिजे. या जातीचा नर 50 किलोच्या घरात जातो. तेवढं धूड एकदा ओढायला लागलं की तालमीतल्या गड्याचीही फरफट होते.

म्हणून त्याला शिकवायचं ते तो मांडीवर मावतोय तोवर. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. लसी पूर्ण व्हायच्या आत रस्त्यावर सोडू नकोस, पार्व्हो या जीवघेण्या आजाराची लागण होते. पण उचलून घेऊन फिर की! मिरजकर तिकटी, महाद्वार रोडची गर्दी, रिक्षा, हेल्मेटवाले, काठी टेकणारे आजोबा, शाळा सुटल्यावरची पोरं, सगळं त्याला कडेवरून दिसू दे. मोठा झाल्यावर गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी आणि दिवाळीतले फटाके त्याला ऐकावे लागणारच आहेत. बिथरलेला मोठा कुत्रा पट्ट्यातून मान काढून पळतो.

"थांब" हा शब्द सगळ्या घराने एकच ठेवा. तू स्टे म्हणणार, आई बस म्हणणार, आजी हाड म्हणणार, मग त्याने काय समजायचं? गेट उघडं असताना नुसत्या शब्दावर तो बसून राहिला, तेही आजीने सांगितल्यावर, तर पुढच्या गोष्टी बोलू. गुरगुरला म्हणून मारू नकोस. गुरगुरून तो "लांब राहा" एवढंच सांगत असतो. ते मारून बंद पाडलंस तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा असेल तर आणूच नकोस. असा कुत्रा चिडका होतो, शिवाय आखूड साखळीला तासन् तास बांधणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

फिरवायला चार-पाच फुटांची जाड पट्टी घे. बटण दाबलं की लांबणारी नको, आणि मनगटाला वेढे तर नकोच. गर्दीत मुसकं घाल, पण जाळीचं, म्हणजे तोंड उघडून त्याला धापा टाकता येतील. आपल्या मे महिन्यात कापडी मुसकं जिवावर बेतेल.

रंकाळ्यावर संध्याकाळी एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "काही करत नाही तो!" म्हणणाऱ्याचा कुत्रा तोवर कुणाच्या तरी छातीवर पाय ठेवून उभा असतो. काही करत नाही हे तुला ठाऊक, समोरच्या बाईला कसं ठाऊक असणार? कुणी बिचकलं की पट्टी आखडायची, कडेला व्हायचं, त्यांना जाऊ द्यायचं. बुलेटच्या मागे कुत्रा पळवत नेणारी पोरं मला बघवत नाहीत. तू तसलं काही करणार नाहीस, असं धरून चालतो.

संस्थानकाळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळायचे, हे तू मला ऐकवशीलच. पण त्यांना सांभाळायला खास माणसं असत आणि बाहेर नेताना डोळ्यांवर टोपी चढवलेली असे.

मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं, त्यात रॉटवायलरही होता. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्येच ते पत्रक रद्द केलं. म्हणून मोकळा झालास असं समजू नकोस. निष्काळजीपणाने जनावर मोकळं सोडून कुणाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. तरीही कुणाला दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना काही लावायचं नाही, थेट सीपीआर रुग्णालय गाठायचं. खर्च तुझा, आणि सोबतही तूच जायचंस.

पिल्लू आणायला जाशील तेव्हा आईला बरोबर ने. तिने नको म्हटलं तर दिलेले पैसे सोडून दे.

तुझा,
काका