शून्य अपघाताची पाटी आणि ओले भंगार

वाचकांचे प्रश्न : कारखान्यातील सुरक्षितता

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची 45 कामगारांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. 'अपघाताविना इतके दिवस' अशी पाटी दारातच लावली आहे. महिनाभर अपघात झाला नाही तर प्रत्येकाला 300 रुपये बक्षीस देतो, 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सुरक्षेची शपथही घेतो. तरीही जुलैत फर्नेस चार्ज करताना, म्हणजे भट्टीत भंगार भरताना, वितळलेल्या धातूचा रस उडून दोघे भाजले. नंतर कळले की आधीच्या पंधरवड्यात तीनदा असाच थोडा थोडा रस उडाला होता. कोणी सांगितले कसे नाही? (एक कारखानदार)

उत्तर : सांगितले असते तर पाटीवरचा आकडा पुसला गेला असता आणि सगळ्यांचे 300 रुपये बुडाले असते. अशा वेळी चटका बसलेला माणूस हळद लावतो आणि गप्प बसतो. तुमचे बक्षीस खरे तर या गप्प बसण्यालाच मिळत होते. पाटी उतरवा, बक्षीस बंद करा. पैसे द्यायचेच असतील तर धोका दाखवून देणाऱ्याला द्या.

आता रस का उडाला ते पाहू. पाण्याची वाफ झाली की त्याचे आकारमान सुमारे 1,700 पट होते. 1,400 अंशांच्या रसावर वरून थेंब पडला तर चुर्र होऊन उडून जातो. तोच ओलावा भंगाराबरोबर रसाखाली गेला की वाफेला वाट उरत नाही आणि ती रसासकट बाहेर येते. जुलैत तुमचे भंगार कुठे पडलेले असते? बहुतेक ठिकाणी उघड्यावर, फार तर ताडपत्रीखाली, आणि खालून पाणी येतच असते. कूलंटने भिजलेले बोरिंग (मशीनवर निघालेला धातूचा कीस), दोन्ही तोंडे दाबलेले पाइपचे तुकडे, जुने शॉक अॅब्सॉर्बर, तेलाचे बंद डबे हे वरून कोरडे दिसले तरी आतून दगा देतात.

पत्र्याच्या शेडखाली, उताराच्या फरशीवर निदान दोन दिवसांचा चार्ज आधीच आणून ठेवा. बंद तुकडे कापून उघडा, नाहीतर परत पाठवा. बोरिंग रसात टाकू नका. रिकाम्या फर्नेसच्या तळाला, तेही कोरडेच, घाला. सॅम्पलचा चमचा आणि स्लॅग (रसावरचा मळ) काढायची सळई आधी गरम करून घ्या. पावसाळ्यात थंड चमच्यानेही रस थुंकतो. लॅडलचे, म्हणजे रस ओतायच्या भांड्याचे, नवे अस्तर बर्नरवर पूर्ण वाळू द्या, वरून कोरडे वाटले म्हणून थांबू नका. फर्नेसखालच्या खड्ड्यात पाणी साचलेले नाही हे प्रत्येक हीटआधी (रसाच्या प्रत्येक खेपेआधी) कोणी तरी वाकून बघायचे. अस्तर फुटून रस खाली आला तर तो त्याच खड्ड्यात उतरतो.

आणखी एक गोष्ट, घाईत हमखास होणारी. भंगार वर अडकून पूल तयार होतो, खाली रस तापतच राहतो. वरचा माणूस सळईने ढोसत बसतो. तोवर खालचे अस्तर झिजून रस फर्नेसभोवतीच्या, आतून पाणी खेळणाऱ्या कॉइलपर्यंत पोचला तर त्या पाण्याशी गाठ पडते. पूल दिसला की आधी पॉवर कमी करायची, माणसे मागे घ्यायची. फर्नेस तिरकी करून रस पुलाला लावता येत असेल तर तसा वितळवायचा. ढोसायचे नाही.

ही यादी भिंतीवर लावली म्हणून काम होत नाही. ओले भंगार परत पाठवायचा अधिकार कोणाला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. तो चार्जिंगवरच्या माणसालाच द्या आणि सगळ्यांसमोर द्या. पहिल्यांदा तो हीट थांबवेल तेव्हा ट्रक दारात उभा असेल, गिऱ्हाइकाचा फोन चालू असेल, आणि सगळा शॉप तुमच्या तोंडाकडे बघत असेल. तेव्हा तुमच्या कपाळाला आठी पडली तरी पुढच्या वेळी कोणी थांबवणार नाही.

फर्नेसच्या प्लॅटफॉर्मजवळ एक साधी वही ठेवा, 'वाचलो वही' म्हणा हवे तर. काय झाले, कुठे झाले, आपण काय केले, एवढे तीन रकाने पुरेत. नावाचा रकाना नको. तिसरा रकाना दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः भरायचा, सुपरवायझरने नव्हे. पाळी सुरू होताना पाच मिनिटे विचारा, "काल कशात वाचलो?" लिहिता न येणाऱ्याचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. बिहार, ओडिशाची मुले असतील तर हिंदीत विचारा. सुरुवातीला पाने कोरी राहतील. नोंदी वाढू लागल्या तर घाबरू नका, माणसे बोलू लागली असा त्याचा अर्थ.

प्रश्न : गोकुळ शिरगावात फेटलिंगवर, म्हणजे ओतलेले कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामावर, सुपरवायझर आहे. मुले गॉगल कपाळावर चढवून ग्राइंडिंग करतात. दंड लावू का? (एक वाचक)

उत्तर : आधी तोच गॉगल स्वतः घालून घामात वीस मिनिटे ग्राइंडिंग करून बघा. स्वस्त गॉगलवर वाफ धरते, ओरखड्यांनी काच आंधळी होते, मग माणूस तो वर सरकवतो. वाफ न धरणारा, बाजूंनी झाकलेला गॉगल दोन-तीन मापांत आणा, त्यावर फेस शील्ड द्या, आणि ओरखडलेला गॉगल विचारपूस न करता बदलून द्या. हे झाल्यावर दंडाची गोष्ट काढा. बहुधा गरज पडणार नाही.

तोवर पेडेस्टल ग्राइंडर तपासा. कास्टिंग टेकवायचा टेकू आणि चाकातले अंतर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ते वाढले की कास्टिंग आत खेचले जाते आणि चाक फुटते. वरच्या गार्डची जीभ चाकापासून 6 मिलिमीटरच्या आत हवी. चाक झिजेल तशी ही दोन्ही अंतरे पुन्हा बसवावी लागतात आणि नेमके तेच राहून जाते. नवे चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलके टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे, ते चाक टाकून द्या. बसवल्यावर मिनिटभर मोकळे फिरवा, बाजूला उभे राहून. चाकावर लिहिलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते बसवूच नका.

प्रश्न : हंगाम संपला की साखर कारखान्यात टाक्या साफ करायला ठेकेदार आम्हाला उतरवतो. "दोन मिनिटांचे काम" म्हणतो. नाही म्हटले तर काम जाईल. (एक ठेका कामगार)

उत्तर : मळीच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीत दोन मिनिटे पुष्कळ होतात. आंबलेल्या मळीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. मेणबत्ती सोडून बघू नका, आतला वायू पेट घेऊ शकतो. वायू मोजायचे मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी तपासायचे. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उतरायचे नाही. ब्लोअर चालूच ठेवायचा, अंगात पट्टा, त्याला दोर, आणि बाहेर एक माणूस. आतला कोसळला तर बाहेरच्याने दोर ओढायचा, स्वतः आत उडी घ्यायची नाही. अशा टाक्यांत एकामागून एक माणसे जातात ती वाचवायला उतरूनच.

1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 36 पासून हा नियम आहे : सक्षम व्यक्तीने तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनयंत्र, पट्टा आणि दोर असल्याशिवाय, अशा टाकीत कोणाला उतरवता येत नाही. जबाबदारी कारखान्याचीही आहे, एकट्या ठेकेदाराची नाही. "उतरत नाही" म्हणण्यापेक्षा "परमिट (तो लेखी दाखला) आणि मीटर दाखवा, लगेच उतरतो" म्हणा, आणि तिघे-चौघे मिळून म्हणा. ठेकेदार ऐकत नसेल तर कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे जा. एकट्याने भांडायला जाऊ नका.

प्रश्न : भाजल्यावर शाई लावावी की टूथपेस्ट? (एक वाचक)

उत्तर : दोन्ही नको, बर्फही नको. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. सूज येण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका, स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्या. फर्नेसवरचा युनिफॉर्म टेरीकॉटचा असेल तर तो आजच बदला. सुती कापड जळते, टेरीकॉट वितळून अंगाला चिकटते. पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेर ठेवा. आत खोचली की उडालेला रस थेट बुटात उतरतो, आणि लेसचा बूट सोडेपर्यंत पाय जळालेला असतो.